दादाच्या नंबरात पुणे निघालं

मंगळवार, संध्याकाळ. चारकोप.

डोक्याचा भुगा झालाय. दादा बाबांशी भांडून घर सोडून गेलाय, फोन बंद. आणि आज मला मेल आला, की आमच्या घरच्या फोटोंचं खातं कोणीतरी उघडलं. पासवर्ड मला नि दादालाच माहीत, म्हणजे तोच! मेलमध्ये त्याच्या इंटरनेटचा आयपी नंबरही होता.

माझा मित्र विक्या म्हणाला, "येड्या, फोन नंबरवरून नाव शोधतोस ना, तसं आयपीवरून मशीनचं नाव निघतं. रिव्हर्स लुकअप कर." केलं. लांबलचक नाव आलं. तोच नंबर, मग 'पुणे', मग नेट कंपनीचं नाव. मी धावत आईला सांगितलं, दादा पुण्यात आहे! तिने लगेच लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं.

मग उगाच चाळा म्हणून आमच्याच घरच्या नेटचा आयपी नंबर टाकला. त्यातही 'पुणे'. अरे, मी पुण्यापासून इतक्या लांब चारकोपला बसलोय यार! म्हणजे कंपनीने वाटेल ते नाव ठेवलंय? मग दादा कुठे? आणि ते 'पुणे' कशाला मग? इकडे बेसनाचा वास घरभर.

शेवटी सांगितलं, "आई, त्या नावावर भरवसा नाही गं. त्याच्या हिशोबाने आपणपण पुण्यात आहोत."

तिचा कालथा थांबला नाही. "म्हणजे तो नि आपण एकाच ठिकाणी ना?"

"तसं नसतं ते."

"मग जवळच असेल कुठेतरी," म्हणाली आणि गॅस बारीक केला.

हे चूक आहे का बरोबर, मला खरंच कळेना. मी वेलची सोलायला बसलो.