गुरुजींच्या पत्त्यावर आलेलं पत्र

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या तिरडीला खांदा दिला आणि घाटावर सगळ्यांदेखत रडलो. त्या रडण्याचा मला आजही राग येतो. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. तेरवी झाल्यावर आठवडाभरानं तुमच्या मुलानं तुमचं कपाट रिकामं केलं आणि मला बोलावून एक जाड पाकीट हातात ठेवलं. "हे पाय गा, यावर तुयं नाव हाये. बाबांच्या कपाटात होतं." पाकीट एका कडेनं सरळ कापलेलं होतं, फूटपट्टी लावून, जसं तुम्ही आयुष्यभर प्रत्येक पाकीट कापलं. आत अमेरिकेच्या सरकारी ऑफिसचं पत्र होतं. अमुक तारखेला कागदपत्रं घेऊन हजर राहा, नाही तर अर्ज बंद करू, असं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं, तुमच्या अक्षरात: 'पाहिले'. खाली सही आणि तारीख. सहावीच्या वहीवर करायचे तशीच. तुमच्या सहीपासून हजर राहायच्या तारखेपर्यंत एकवीस दिवस होते, मी बोटांवर मोजले.

गावाबाहेरच्या आमच्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीवर, तेव्हा पोस्टमन येत नसे, धानाच्या बांध्यांमधून चिखल तुडवत कोण येणार. तो सगळ्या टोलीचं टपाल तुमच्या घरापुढच्या छपरीत ठेवून जायचा आणि तुम्ही ते खुंटीवरच्या कापडी पिशवीत टाकायचे. संध्याकाळी ज्याचं त्यानं घेऊन जायचं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला तुम्हीच वाचून दाखवायचे. कोणाच्या घरी लग्न जुळलं, कोणाचा पोट्टा नापास झाला, हे घरच्यांच्या आधी तुम्हाला कळायचं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा सौंदडच्या स्टेशनावर तुम्ही मला दहा पाकिटं दिली, प्रत्येकावर तुमचा पत्ता तुमच्याच अक्षरात लिहिलेला. "मायाच पत्त्यावर धाडत जाय. माया घरून कागद हारपत नाई." मी तुमच्या पाया पडलो. बाप शेजारी माझ्या पेटीला दोरी बांधून राहिला होता.

तिकडे मी एका हॉटेलच्या भटारखान्यात होतो. तिसऱ्या वर्षी मालकानं हॉटेल विकलं. दुसरा एक मालक मला ठेवून घ्यायला तयार झाला, त्यानं माझ्या नावानं अर्ज घातला, पण राहायची खोली जुन्या हॉटेलची होती, ती सुटली. मी सहा जणांच्या एका घरात गेलो. तिथला नियम असा की घर बदललं की दहा दिवसांच्या आत नवा पत्ता सरकारला कळवायचा. साधा कागद. पण त्या घरातल्या दोघांजवळ काहीच कागद नव्हते. मी फॉर्म घेऊन बसलो की ते समोर येऊन बसायचे. त्यातला थोरला, माझ्या बापाच्या वयाचा माणूस, एक दिवस माझे हात धरून म्हणाला, "बेटा, पता मत देना. तेरा तो काम हो जाएगा, हमारे दरवाजे पे गाडी आ जाएगी." त्याच्या हातची एक पोळीही खाल्ली नव्हती मी, आठवडाही झाला नव्हता ओळखीला. तरी माझ्यानं लिहवलं नाही. मी राहायचा पत्ता जुन्या हॉटेलचाच राहू दिला आणि टपालाच्या रकान्यात तुमचा पत्ता लिहिला. मला वाटलं, जगात कुठला पत्ता पक्का असेल तर तो गुरुजींचा. पत्र आलं की गुरुजी फोन करतील. टोलीवरच्या कोणत्याही माणसानं हेच केलं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी सांगणार आहे, कारण तुम्ही मला कधी सांगू दिलं नाही. चार महिन्यांनी नव्या मालकाकडून निरोप देऊन मला ऑफिसात बोलावलं. तिथल्या बाईनं पत्राची नक्कल समोर ठेवली. पत्ता बरोबर आहे का, असं विचारलं. मु. पो. सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया, एक अक्षर चुकलं नव्हतं. मी हो म्हणालो. तारीख टळली म्हणून अर्ज बंद झाला होता, मला तो देश सोडावा लागला. गावी परत आलो आणि त्याच आठवड्यात भर बाजारात पोस्टमनला गाठलं. त्याला मी नाही नाही ते बोललो. माझं आयुष्य तू खाल्लंस, असंही बोललो. तो म्हातारा वांग्यांची पिशवी हातात धरून म्हणत होता, "बापू, मी एकही कागद हारपवला नाई, तुया मायची आन." आणि तुम्ही चार हातांवर उभे होता, गुरुजी. कोथिंबीर घेत होता. माझा आवाज ऐकून तुम्ही मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पोस्टमन मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याच्याशी बोललो नाही.

मग मी स्टेशनजवळ ऑनलाइनचं दुकान टाकलं. सातबारा, धानाची नोंदणी, पासपोर्टचे अर्ज. पुढची चार वर्षं तुम्ही रोज सकाळी तिथं येऊन बसलात. माझाच चहा पीत माझ्याच बाकावर बसून म्हणायचे, "बरं झालं वापस आला. आपला माणूस आपल्या बांधीत शोभते." माझा बाप मी नसताना रोज गाडीच्या वेळेला स्टेशनावर जाऊन बसायचा, हे तुम्हीच मला पाच-पन्नास वेळा सांगितलं असेल. तुम्हाला त्याची दया आली असेल. आली असेल, नाही म्हणत नाही. गावातले लोकही मला समजावतात की बापाची शेवटची दोन वर्षं तरी तुला मिळाली. मिळाली. पण ती वाटायला तुम्हाला कोणी बसवलं होतं? माझी वही तपासायचा हक्क तुमचा सहावीतच संपला होता. तुम्ही केसानं गळा कापला आणि वरून चहात साखर कमी आहे म्हणालात.

आता ऐका. तुमची नात तिकडेच आहे. शिकली, नोकरी लागली, ती सुटली, दुसरी मिळाली, तिचाही अर्ज चालू होता. मागल्या श्रावणात तिनं घर बदललं. तुमचा मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, "पोट्टी घाबरून राहिली गा. तुले त्यातलं समजते, तूच सांग." मग तिचा फोन आला. इथं सकाळ होती, मी नुकतंच शटर उघडलं होतं. "काका, पत्ता कळवा लागते दहा दिवसांत. पण मी ज्या घरी आली तिथं दोन ताई आहेत, त्यांच्या व्हिसाची मुदत संपली आहे. त्या रडून राहिल्या. काय करू?" तिसरा दिवस होता. मी म्हणालो, पाहून सांगतो.

मी काही पाहिलं नाही. मला सगळं पाठ होतं. मी नुसता बसलो, गुरुजी, जसे तुम्ही बसला होता. चौथा दिवस, पाचवा दिवस. तुमचा मुलगा रोज विचारायचा, झालं का गा, आणि मी म्हणायचो, हाव, पाहून राहिलो. खोटं कशाला बोलू, मला फार गोड लागत होतं. इतक्या वर्षांत मी असा पोटभर जेवलो नव्हतो. नवव्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला आणि ती म्हणाली, "काका, मी राहायचा पत्ता जुनाच राहू देते आणि टपालासाठी तुमच्या दुकानाचा देते. पत्र आलं की तुम्ही फोन कराल नं?"

तुमच्या घरची पोट्टी स्वतःच्या पायानं माझ्या पिशवीत येऊन बसत होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. पुढं एक पाकीट आलं असतं, मी ते फूटपट्टी लावून कापलं असतं. लाल पेन दुकानात आहेच. तीही परत आली असती आणि बापाच्या बांधीत शोभली असती, तुम्हाला हवं होतं तसं.

तिथंच मला उमगलं की हे तर तुमच्याच मनासारखं होईल. मी म्हणालो, नाही. जिथं झोपतेस तिथलाच पत्ता दे, राहायचा तोच आणि टपालाचाही तोच, आणि आधी त्या दोघींना सांग. तिनं दहाव्या दिवशी फॉर्म भरला. तिच्या कागदाचं काम झालं. तिनं तिकडे आता घर पाहिलं आहे, ती येणार नाही, आणि तुमचा मुलगा येत्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहे. त्याचा अर्ज मीच भरला, एक पैसा घेतला नाही. तुमच्या छपरीला कुलूप लागेल, गुरुजी. किल्ली माझ्याकडे ठेवतो म्हणाला. गावची पोरं गावात राहावीत म्हणून तुम्ही माझी वाट अडवली, मी तुमचं अख्खं घर वाटेला लावलं. याला मी सूड म्हणतो, लोक मला देवमाणूस म्हणतात.

फक्त त्या दोघींचं राहून राहून आठवतं. मी तिसऱ्या दिवशी बोललो असतो तर त्यांना आठवडा मिळाला असता. त्यांना एक दिवस मिळाला. एकीनं जाताना तुमच्या नातीला शिव्या दिल्या, दुसरी बॅग घेऊन पायरीवर बसून राहिली, कुठं जायचं ते ठरेना म्हणून. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.

हा कागद मी त्याच पाकिटात ठेवणार आहे, तुमच्या 'पाहिले'च्या मागं. ते पत्र मी आजही काढून वाचतो. त्यात लिहिलं आहे की येताना सध्या राहत असलेल्या घराच्या पत्त्याचा पुरावा आणावा. म्हणजे त्या सहा जणांच्या घराचा पत्ता त्यांना द्यावाच लागला असता. तुम्ही फोन केला असता, गुरुजी, तरी मी त्या दिवशी गेलो असतो का, मला माहीत नाही. माहीत नाही कशाला म्हणू. मी गेलो नसतो, मला फार भीती वाटत होती.