काळी पडलेली सरी

माघ शुद्ध तृतीया, शके १८५९. जालना

डाव्या गालावर नऊ, उजव्या गालावर आठ. आज आरशात बराबर मोजल्या! लग्नाला आठ महिने झाले, तरी ह्या पुटकुळ्या माझी पाठ सोडून न्हाई राह्यल्या. सासूला, म्हणजे आत्याबाईंना, औषधाचं विचारलं. म्हणल्या, "लगीन झालं की! आता त्वांड कुणाला दाखवायचं हाय?"

मला दाखवायचं हाय. आरशाला!

शेजारच्या मैमूनाआपांसंगं गुपचूप दवाखान्यात जाऊन आले. त्यांचे मालक बदरोद्दीनभाई तिथं कंपौंडर. डॉक्टरांनी चिठ्ठी खरडली, भाईंनी खलात पिवळी भुकटी घोटून मलम केला. "गंधक है बेटी, खेल नक्को समझो. पैले कान के पीछे लगाके एक रोज देखो. जला तो बंद!" संध्याकाळी त्वांड धुऊन एकदाच लावायचा, मुगाच्या दाण्याएवढा. डोळ्यांजवळ न्हाई. अन् पुटकुळ्या फोडायच्या न्हाईत. (कालच दोन फोडल्या. सांगितलं न्हाई.)

चतुर्थी

कानामागं काही झालं न्हाई. वास मात्र असला की मांजर उठून गेलं.

पंचमी

एक सुचलं! दोन्ही गालांना लावला अन् गुण आला, तर तो मलमाचा की आपोआपच, कळणार कसं? म्हणून डाव्याच गालाला लावायचा. उजवा तसाच. धनी जिनिंगमधून आले, बघत बसले. "अर्धं त्वांड कुणाचं हाय?" म्हणले. हसून हसून पुरेवाट.

नवमी

डावा सात, उजवा आठ. मला कुठला दम! काल दोनदा लावला, चांगला बोटभर. आज गाल लालबुंद, आग आग, सालपटं निघून राह्यली. मैमूनाआपा फणकारल्या, "मूंग का दाना बोले थे, बेर नईं बोले थे!" आग थांबेपर्यंत मलम बंद. नुसतं गार पाणी.

पौर्णिमा

तीन दिवस बंद ठेवून मंग पुन्हा मुगाएवढा सुरू केल्ता. डावा तीन! उजवा नऊ, एक नवी धरून. कमालच हाय! गंधक तिथं करतो तरी काय? भाईंना विचारलं. म्हणले, कातडं सुकवतो, वरचं जुनं निघून जातं. मंग चांगलं कातडं का जात न्हाई? भाई हसले. "जास्ती लगाया तो वो भी जाता." खरंच की. माझं गेल्तंच.

वद्य द्वितीया

घात झाला.

आत्याबाई माझी वेणी घालून देत होत्या. एकदम थांबल्या. माझ्या गळ्यातली चांदीची सरी काळी ठिक्कर पडली! बाबांनी लग्नात घातल्ती ती. "खोटी चांदी घातली तुझ्या बापानं! हे माझ्या हातातले गोठ बघ, माझ्या बापानं दिलेले. तीस साल झाले, हायेत तसे पांढरेफेक!" परतूरला सांगावा धाडते म्हणल्या, चार माणसांत विचारते.

बाबा परतूरच्या बाजारात माल तोलतात. रखमाजीनं तोललं म्हणलं की कुणी दुसऱ्यांदा काटा बघत न्हाई. त्यांना चार माणसांत खोटं म्हणणार? ऐकूनच मरतील ते. जेवण गेलं न्हाई. लई रडले.

तृतीया

रडून काय होतंय? सरी काढून नीट बघितली. काळी पडली ती डाव्याच बाजूला! उजवीकडं पांढरी. डावीकडंच का? अगं बाई, मलम! डाव्या गालाला लावून त्याच बोटांनी रोज तिथंच सरी सावरते मी!

पायातल्या एका जोडव्याला मलम फासला, दुसरं तसंच ठेवलं. दिवेलागणीला पुसून बघितलं. काळं! इतका आनंद कशाचाच झाला न्हवता.

चतुर्थी

आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. दवाखाना, मलम, सगळं. जोडवी दाखवली. चोरून गेल्याबद्दल बोलणी खाल्ली, पण त्यांना पटंना. धनी म्हणले, चला मस्तगडला, बद्रीनाथ सोनाराला विचारू. तिघं गेलो. सोनारानं सरी कसोटीवर घासली. "बिलकुल खरी! गंधकानं काळी पडली. चांदी हाय म्हणून पडली. खोट्या गिलटाला काही झालं नसतं, पांढरंच राह्यलं असतं."

बाबा सुटले! येताना रस्त्यात उड्या माराव्या वाटल्या. आत्याबाईंना मुद्दाम म्हणले, "आता धाडा सांगावा!" त्या हात पदराखाली धरून चालत होत्या.

षष्ठी

काल दुपारी आत्याबाई हळूच म्हणल्या, "तो मलम दे जरा." त्यांनी तो गोठांना लावला. आज घरात दोघीच असताना पुसून बघितले.

पांढरेफेक.

मला वाटायचं, आपण जिंकलो तर कसं वाटंल! काहीच वाटलं न्हाई. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणल्या, "माझ्या बापाला कुणी तरी फसवलं असंल, सगुणा. त्यो खोटा न्हवता."

"न्हाईच मुळी, आत्याबाई," म्हणले, अन् गोठ त्यांच्या हातात परत चढवले.