दारफाळणीच्या दिवशी

लातूर

ती. आईस शालोम.

क्लास बरा चाललाय. धाकट्या मोशेचा खोकला गेला का?

इथं दुसरं यहुदी कुणी नाही; दारफाळणीचा सण यंदा पहिल्यांदाच तुमच्याविना केला. तू सांगितल्याप्रमाणे खोलीचं दार लावून उपाशी बसले होते. दुपारी घरमालकीण उमाबाईंनी दार बडवलं.

"पोरी, उघड की. ह्यांना कसंतरीच व्हायलंय."

या दिवशी परक्याला दार उघडायचं नाही, म्हणून मी उठले नाही. पुन्हा हाक आली तेव्हा त्या रडत होत्या. मी उघडलं.

त्यांच्या यजमानांची, मलप्पाकाकांची, शुगर एकदम उतरली होती. मी चमच्याचमच्यानं साखरेचं पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

उपवास मोडला नाही. सण मोडला का, ते पप्पांना विचार.

नंतर उमाबाई अंधार पडेपर्यंत माझ्या दाराशी बसून होत्या, कुणी वाजवू नये म्हणून.

दार मात्र मी परत लावलंच नव्हतं.

तुझीच,
अवीगेल