बाईसाहेब जेवत नाहीत

मंगळवार

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून तुझा जावई चालवतो त्या बसमधून लेकीच्या घरी पत्र पाठवतोय. संध्याकाळपर्यंत पोचेल.

तुझ्या मांजरीने मात्र माझा जीव टांगणीला लावलाय. बाईसाहेब जेवत नाहीत! पोटात अन्न गेल्याशिवाय तिला मधुमेहाचं इन्सुलिन टोचायचं नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलंय. मी सुई तयार ठेवून ताटलीपाशी उकिडवा बसतो. बाईसाहेब वास घेतात, माझ्याकडे बघतात आणि कपाटामागे निघून जातात. डब्यातला मासा झाला, उकडलेली कोंबडी झाली. छे!

भित्री आहे म्हणून तुझ्या घरात कडक शांतता ठेवलीये. जन्मभर वाचनालय सांभाळलं, तेवढं तर जमतंच. दाराच्या कड्यांना फडकी बांधलीत, तुझं शिलाई मशीन झाकून मागच्या खोलीत ढकललंय. खोकला आला की मी गॅलरीत जातो.

वैताग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

बुधवार

चि. भाऊस,
अ. उ. आ.

डोळ्याला पट्टी आहे. मी सांगतेय, लेक लिहितेय. इथे मला एक घास गिळवत नाही. बाईसाहेबांवर जबरदस्ती करू नकोस, नाहीतर ती ताटलीलाच घाबरेल.

दुसरं म्हणजे, डोळ्याच्या डॉक्टरांनी बारीक काम कायमचं बंद केलंय. काजं, बटणं, सगळं संपलं. ते मशीन कुणाला तरी देऊन टाक. मला ते नजरेसमोर नको. बाईसाहेबांना तेवढं जप रे. माझ्या हातात आता तेवढंच उरलंय.

चिडचिड पोटात घाल. माया आहे तेवढीच आहे.

ताई

शुक्रवार

ती. ताईस,
शि. सा. न.

आधीच सांगतो, मांजर सुखरूप आहे. आता वाच.

काल सकाळी तिने चार घास खाल्ले. मी हुरळून सुई टोचली, आणि तिने सगळं ओकून टाकलं. थोड्या वेळाने साखर उतरून तिचे पाय लटपटायला लागले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तसा हिरड्यांना मध चोळला आणि टॅक्सीने दवाखाना गाठला. अशीच उपाशी राहिली तर दवाखान्यातच ठेवावी लागेल, असं ते म्हणाले. तिथल्या कुत्र्यांच्या भुंकण्यानेच तिचा जीव जाईल.

घरी आलो तर, तू म्हणालीस म्हणून मी मशीन बघायला बोलावलेली खालच्या मजल्यावरची शिंपीण दारात उभी. तिने ते पुढच्या खोलीत ओढलं आणि पाय मारून बघितला. काय तो खडखडाट! मी सवयीने ओठांवर बोट ठेवणार, तोच बाईसाहेब शेपटी ताठ करून कपाटामागून आल्या आणि रिकाम्या ताटलीपाशी बसून ओरडायला लागल्या. वाढलं. खायला लागल्या! मशीन थांबलं की त्या थांबायच्या.

अगं, तू तिला वाढून लगेच शिवायला बसायचीस, हे एका शब्दाने सांगू नये? मी बापडा तोंडाला कुलूप लावून तिला उपाशी मारत होतो. शिंपिणीला हात जोडले, मशीन देणार नाही.

आता दोन्ही वेळा मीच पाय मारतो. ती जेवते, मग सुई. उशांचे अभ्रे चारही बाजूंनी शिवले गेलेत, उशी आत कुठून घालायची ते तूच सांग. पण जेवताना ती मधूनच मान वर करते, मला बघते आणि दाराकडे बघत बसते. मला वाईट वाटतं गं. बाईसाहेब टाके तपासत नाहीत. सुई टोचायला मी आहे, मशीनवर तू ये.

लोभ तिच्यावर जास्त असला तरी चालेल.

भाऊ

शनिवार

चि. भाऊस,
अ. उ. आ.

ते मशीन बिनदोऱ्याचंही चालतं, गाढवा. अभ्रे उसवून ठेव. पट्टी सुटली की पहिल्या बसने येतेय. हे पत्र माझं मीच लिहिलंय, ओळी वाकड्या आल्या असतील.

ताई