हिरव्या पट्टीचं खोकं

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ईस्टरच्या उपासाआधीचा गोड गुरुवार. सकाळी अख्खं गाव बेकरीसमोर रांगेत — गुलाबाच्या मुरंब्याचे डोनट! दुपारी तेच गाव चौकातल्या औषधाच्या दुकानात रांगेत — पचनाच्या गोळ्या! माणसं तीच. मला वाटतं, क्रमसुद्धा तोच.

मीही होतो रांगेत. सकाळच्याही. चार खाल्ले. लिहायचं तर खरं लिहावं.

काउंटरमागे मॅगिस्टरबाई झेप्का. नुसती पदव्युत्तर पदवी ती, पण गावात अशी उच्चारतात की बिशपने ऐकून जळावं. "मॅगिस्टरबाई, गुडघा बघा ना." "मॅगिस्टरबाई, सून बोलत नाही हो." जमिनीवर पिवळी रेघ आखली आहे, पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. सगळे बरोबर रेघेवर उभे राहतात आणि माना पुढे काढतात. मीही मॅगिस्टर आहे, रसायनशास्त्राचा. बावीस वर्षं शाळेत शिकवतो आहे. मला कोणी गुडघा दाखवत नाही. देवाची कृपा!

मी हळूच मलमाचं नाव सांगितलं. बाई खणखणीत आवाजात —

"मूळव्याधीचं? आईसाठी की तुमच्यासाठी, सेवेरिनसाहेब?"

"माझ्यासाठी."

"रक्त पडतं का?"

मागे किंगा, माझी जुनी विद्यार्थिनी, बाबागाडी घेऊन उभी. तिने बाळाच्या टोपीत तोंड खुपसलं. म्हातारा लुबोमीर ओरडला, "मास्तर, मोहरी कमी करा! आणि वर्गात जरा उभे राहत जा!"

रांग हसली. बाई हसली नाही, ती उत्तराची वाट पाहत होती. तेच जास्त असह्य.

१३ फेब्रुवारी

राग नक्की कशाचा आला? तिने विचारल्याचा, की उत्तर 'हो' होतं म्हणून?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रस्त्यावर काचेसारखा बर्फ. आईला बाहेर सोडणं शक्य नाही, म्हणून तिची हृदयाची गोळी आणायला मी गेलो. आता काम किती सोपं आहे — दवाखान्यातून फोनवर चार आकडे मिळतात; ते आणि रुग्णाचा ओळख क्रमांक सांगितला की कुणीही कुणाचंही औषध उचलावं. यंत्रालासुद्धा जमेल. पण बाईचं सुरू —

"गेनोव्हेफाताई कशा आहेत? पायांना सूज? नाडी मोजता ना घरी? शेवटची कधी मोजलीत?"

मोजली नव्हती. म्हणूनच भडकलो असेन.

"बाई, तुमचं काम आकडे घ्यायचे आणि खोकं द्यायचं. माझ्या घरातलं काही विचारायचं नाही. मला नाही, आईलाही नाही. पुन्हा विचारलंत तर लेखी तक्रार करेन."

रांगेतल्या माना आत गेल्या. लुबोमीरचीसुद्धा! बाई एवढंच म्हणाली, "बरं."

औषध न घेताच बाहेर पडलो. पण रुबाबात.

२० फेब्रुवारी

बस थांब्याजवळच्या नव्या दुकानात गेलो. लांब नखांची मुलगी, मान वर न करता: "पर्यायी चालेल?" म्हणजे औषध तेच, कंपनी दुसरी, नाव दुसरं.

"चालेल! रेणू तोच असतो," मी म्हणालो. नावाला भुलायला मी काय चौकातल्या रांगेतला आहे?

तिने ऐकलंही नाही. किती छान! निळी खोकी, तीन महिन्यांची एकदम. दोन मिनिटांत काम झालं.

आई खोकं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "ही कसली रे, सेवेक?"

"हृदयाची. रोज सकाळी एक. आणि प्रश्न नकोत."

तिने विचारले नाहीत.

३ मार्च, मंगळवार

बर्फ वितळला आणि आई थेट चौकात! पिशवीभर खरेदी — झोपेचा काढा, गुडघ्याचं मलम, आणखी काय काय. एक हिरव्या पट्टीचं खोकं माझ्या पुढ्यात धरून उभी राहिली.

"बाईंनी यावर लिहून दिलंय. आधी सेवेकला दाखवा, मग घ्या, म्हणाल्या. वाच ना."

तिच्या मोतीबिंदूला पेनाचं अक्षर दिसत नाही. मी जेवत होतो. बाईला प्रत्येक खोक्यावर गिरगटायची खोड आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक — दुसरं काय लिहिणार ती? पण बायबलमधलं वचन असल्यासारखी लोक ती खोकी जपून ठेवतात.

"दाखवलंस ना? मग घे," मी म्हणालो.

"हल्ली बोलतच नाहीत रे त्या. मीच आपली घरचं सगळं सांगत बसते, त्या नुसत्या ऐकतात. तू काही बोललास का त्यांना?"

"नाही," म्हणालो. खोटं. इथे नोंदवून ठेवतो.

११ मार्च

आई बटाटे सोलता सोलता झोपली. हातात सुरी. दिवसभर पेंगते, हात गार, बोलणंही सावकाश. कारण उघड आहे — तो काढा! मॅगिस्टर म्हणे! वाळकं गवत विकून म्हाताऱ्यांना झोपवते. काढ्याची पुडी उचलून कचऱ्यात टाकली. आई बटाट्यांकडे वळली. भांडायचंही त्राण नाही तिच्यात.

१६ मार्च

काढा बंद होऊन पाच दिवस झाले. काही फरक नाही. आज जिना चढताना ती तीनदा थांबली. मी वरून म्हणालो, "चल ना, आई!"

२६ मार्च, गुरुवार

नववीच्या उत्तरपत्रिका. 'प्रश्न नीट वाचा' हे अकरा जणांना लाल शाईने लिहिलं. गाढवं! समोर छापलेलं दिसत नाही यांना.

मध्येच आई आली. आज भिंतीला धरत धरत चौकात जाऊन आली म्हणे. तेच खोकं, नवीन. "पुन्हा लिहिलंय रे. खाली रेघाही मारल्यात वाटतं. वाच ना."

"आई, मी कामात आहे."

तिने खोकं पुन्हा पिशवीत टाकलं. मग गेली.

२९ मार्च, रविवार

ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. चर्चच्या पायऱ्यांवर आई कोसळली. झावळीऐवजी आणलेली वाळक्या फुलांची रंगीत फांदी हातात तशीच घट्ट. किंगाने धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला, "नाडी चौतीस!" आणि दार लावलं.

मी फांदी धरून मागे उभा.

३० मार्च, सोमवार

आई वाचली. आधी हे लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी घरातली सगळी औषधं मागवली. मी आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा नेला. त्यांनी एक निळं खोकं काढलं, एक हिरव्या पट्टीचं, आणि शेजारी शेजारी ठेवलं.

"दोन्ही रोज घेत होत्या? अहो, हे एकच औषध आहे. नाव तेवढं वेगळं. चार आठवडे दुप्पट डोस गेलाय. नाडी मंद करणारी गोळी ही!" मग म्हणाल्या, "तुम्ही काय करता?"

"शिकवतो."

"काय?"

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई उशीवरून पुटपुटली, "हिरवी माझी नेहमीची, जुन्या चिठ्ठीवरची. मला वाटलं, निळी वेगळी. तू म्हणालास, प्रश्न नकोत."

निळी मी दिली. मान्य. शंभरदा मान्य. पण हिरवी? ती डोळे मिटून कुणी दिली? मलमाचं ज्याला त्याला विचारणारी बाई नेमकं हेच विचारायला विसरली! उद्या सकाळी आठला, रांग भरलेली असताना, दोन्ही खोकी तिच्या काउंटरवर आपटणार. लुबोमीरलाही ऐकू दे. मग तक्रार, वरच्या निरीक्षकांकडे.

३१ मार्च, मंगळवार

सात वाजता तक्रारीसाठी खोकी टेबलावर मांडली. हिरव्या पट्टीची दोन. पहिल्यावर निळ्या पेनाने: "मुलाने आणलेली निळ्या खोक्यातली गोळी कोणती? नाव कळवा. हीच असेल तर दोन्ही देऊ नका."

दुसऱ्यावर तेच, मोठ्या अक्षरात, दोन रेघा मारून. खाली तिच्या घरचा फोन नंबर. आणि कडेला, जागा पुरेना म्हणून बारीक:

"बोलायला तुमची मनाई आहे, म्हणून लिहिते."