उकंडरावांच्या गिटारीची मान

१९ ऑगस्ट १९३८, वडनेर
रिटायर झालेल्या रेल्वे मिस्त्री उकंडरावांनी आज गिटार माझ्या हाती दिली. एका गोऱ्या गार्डानं जाताना त्यांना दिलेली. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी पोळ्याच्या संध्याकाळी ते गावासमोर वाजवतात. त्यांच्या मुलीसाठी, शालूसाठी, दोन स्थळं आहेत: मी आणि शालिग्राम. मी मॅट्रिक, शाळेत मास्तर. तो किराणा दुकानात पुड्या बांधतो. कॉम्पिटिशन अशी नाहीच.
म्हणाले, नुसती फडक्यानं पुसून आणा. पण मी असं काम करणार की गणपतीच्या आत सुपारी फुटेल.

२० ऑगस्ट
तारा काढल्या. नंबर घातले नाहीत, स्मरणशक्ती उत्तम आहे. मानेवरच्या फळीवर वीस वर्षांचा मळ! जागोजागी कडक दाणे चिकटलेले. म्हाताऱ्या माणसांना स्वच्छतेचं काही नसतं. चाकूनं एकूण एक खरवडले.

२१ ऑगस्ट
राखेनं घासली. लाकूड पांढरंफटक पडलं. कौशल्यावहिनी म्हणाली, लाकूड कोणी राखेनं घासते काय? बायकांना भांड्यांपलीकडे समजत नाही.

२२ ऑगस्ट
लाकडाला तेल हवं. वाण्यानं जवसाचं सांगितलं. फारच साधा उपाय. विचार करतो.

२४ ऑगस्ट, दुपार
सुचलं! आज बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात. वर्षभर जू ओढणाऱ्या मानेला जे चालतं ते तारा ओढणाऱ्या मानेला का नाही? शुद्ध सायन्स. वाटीभर चोळलं. सोन्यासारखी दिसते.

संध्याकाळ
मुंग्या. गिटार पाण्याच्या परातीत पाटावर ठेवली. पुरणपोळीचं तूप कुठं गेलं म्हणून वहिनी घर डोक्यावर घेऊन राहिली आहे.

२५ ऑगस्ट, पोळा
तारा चढवल्या. एक तार उरली, एक खुंटी रिकामी राहिली. दोन्हींचा संबंध नसावा.

रात्री ९
लिहावंसं वाटत नाही. उकंडराव वाजवायला बसले. बोटं मानेवर वर गेली, खाली आली, घसरली. मग हळूच म्हणाले, "मास्तर, माह्या खुणा कुठी गेल्या?"
ते दाणे लाखेचे होते. बोटांना जागा सापडावी म्हणून त्यांनी स्वतः लावलेले.
शालिग्राम उठला. उरलेली तार मागून घेतली, चढवली. मग त्यांच्या मागं बसून एकेक बोट जागेवर ठेवत गेला. गाणं झालं. शालू रडत होती. मलाही फार वाईट वाटलं. उकंडरावांची बोटं पिवळीजर्द झाली होती.

२६ ऑगस्ट
उकंडरावांचं बोलावणं! म्हणजे राग नाही. कोट घालून गेलो. शालिग्राम सकाळीच नवी लाख लावून गेला होता. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "तुमी मन लावून काम केलं, मास्तर. मले माहीत हाये."
मी मान खाली घालून पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो.
"शालूच्या लग्नाच्या चिठ्ठ्या तुमीच लिहा. शालिग्रामचं अक्षर लय वंगाळ हाये."
हो म्हणालो. अक्षर माझं खरंच सुरेख आहे.