कोंबड्यांचा तोफखाना

चॅट्सवर्थ, ५ ऑक्टोबर १९५८

चि. ऑरिनास हल्डाताईचे पोटभर आशीर्वाद.

नाही रे बाबा, एकही कोंबडी मेलेली नाही! तू पाठवलेलं यंत्र झकास चाललंय. पेटीत मका ओतला की साखळीवरचे डबे भरून आपले आपण वर जातात आणि खुराड्यात दाणे सांडतात. तुमच्या जहाजावर तोफगोळे असेच चढतात म्हणालास ना? कोंबड्यांनी अजून विमान पाडलेलं नाही, पण तुम्ही तरी कुठं पाडलंत? लढाई संपल्यावर जहाज तयार, वरातीमागून घोडं! नावाला ‘हलकी’ क्रूझर युद्धनौका आणि लांबी आपल्या गावाएवढी. आपोआप भरणाऱ्या एवढ्या तोफा, आणि फाडलं काय, तर सरावासाठी विमानाच्या शेपटाला बांधलेलं फडकं! तुझे दाजी असते तर हसून हसून त्यांची कवळी पडली असती.

यंत्र चाललं तर नोकरी सोडून घरी येईन म्हणाला होतास. मग ये आता.

राग आणि लोभ दोन्ही शाबूत ठेव.
हल्डा

फिलाडेल्फियाची गोदी, १२ ऑक्टोबर

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

फडकं काय म्हणतेस, नेमबाजीचं लक्ष्य म्हण! तोफा अडकायच्या हे खरं, पण चालल्या की आभाळ फाटायचं. आता आमचं ‘हार्लन फॉल्स’ जहाज कायमचं बंद होतंय. तोफांना ग्रीस फासून झाकणं बसवली. काल त्यांच्याशेजारी बसलो, तर वाटलं, आता मलाही फासणार. वीस वर्षं तोफाच सांभाळल्या. जमिनीवर मला येतं काय? यंत्र फसलं असतं, तर गुपचूप नौदलात आणखी चार वर्षांची सही ठोकून दुसऱ्या जहाजावर गेलो असतो. तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला.

येत्या रविवारी माझ्या तोफेवरची सगळी पोरं यंत्र बघायला आणतोय. कॅप्टनसाहेबही येतो म्हणालेत. अॅपल पाय जास्त कर.

माया कमी करू नकोस.
ऑरिन

चॅट्सवर्थ, १५ ऑक्टोबर

चि. ऑरिन, आशीर्वाद आहेतच. आधी खाली बस, मग वाच.

कॅप्टनसाहेबांना कशाला आणतोस? क्रॅनबेरीच्या शेतात फळं काढायला पाणी सोडलंय, त्यांचे चकचकीत बूट चिखलात जातील. शिवाय आमचा कोंबडा वर्दी दिसली की टोचतो. खुर्च्या चारच, त्यातली एक पाद्रीबुवांनी बसून मोडलेली. पोरांना येऊ दे. अॅपल पाय खाऊ दे, गप्पा मारू दे, फक्त खुराड्याकडं फिरकू नका म्हणावं.

आणि सही करायची नाही, समजलं? इथं निम्म्या गावाचे पंप बंद पडलेत, हात लावायला माणूस नाही. तुझ्या हातून बिघडले तरी काय बिघडलं? आधीच बिघडलेत.

म्हातारीवर जीव असू दे, रागावलास तरी.
हल्डा

ता. क. यंत्र पहिल्याच दिवशी अडकलं. कोंबडा डब्यात बसून वर गेला आणि दुपारभर तिथूनच आरवत होता. तेव्हापासून मका मीच मुठीनं टाकते. चाललंय असं लिहिलं, कारण मला तू घरी हवा होतास.